देवाचा एक

एकाहत्तर सालच्या चातुर्मासात मी तांदळाची लाखोली धरली होती. रोज हजार दाणे मोजून महादेवाला वाहायचे, म्हणजे शंभर दिवसांत लाख भरतो. पहाटे अंघोळ झाली की देवापुढं परात घेऊन बसायचं आणि मोजून होईस्तोवर कुणाशी बोलायचं नाही, असा नेम. माझी लेक कडू शेजारी मांडी घालून बघत बसायची. तिच्याआधीची दोन राहिली नाहीत, म्हणून नाव कडूबाई ठेवलेलं. पोर मात्र गुळासारखी.

आमचं गाव काष्टीपासून दोन कोसांवर. कडू गावातल्याच शाळेत दुसरीला होती. भादव्यात रंगनाथ गुरुजींचा निरोप आला: मुलीला बेरीज येत नाही, सहामाहीत नापास झाली तर परत पहिलीत बसवावं लागेल.

तिचे वडील बैलांना वैरण टाकत होते. म्हणाले, "पयलीतच बसायचं तर घरी बसू दे. शेरडं राखंल. रडत जाती, रडत येती. लई झाली शाळा."

त्यांना मी कधी उलटून बोलले नव्हते. एवढंच म्हटलं, "सहामाहीपतुर थांबा. मी बघते तिचं."

पाहीन म्हटलं खरं, पण मला येत काय होतं? ओळीखाली बोट धरून पोथी वाचायची, तेवढंच. पाटीवर गणित कधी मांडलं नव्हतं. तरी मनात आलं, रोज हजार दाणे मोजणारी बाई मी. मोजणं तर आपल्या हातातलंच काम.

संध्याकाळी चूल पेटवायच्या आधी तिला जवळ घेतलं. "काय शिकिवलं आज?"

"काड्यांच्या जुड्या. धाची येक जुडी बांधायची. उरल्या त्या सुट्या. सत्तावीस आन् पंधरा किती, आसं."

काड्या नव्हत्या, चिंचोके होते. तिनं सत्तावीस मोजले, पंधरा मोजले, एकत्र केले आणि दहा-दहाचे ढीग लावले. तीन ढीग झाले, नऊ उरले.

"एकोणचाळीस," कडू म्हणाली आणि ओठ काढला. "गुरुजी म्हनत्यात, बेचाळीस. म्हनत्यात, तुझे तीन कुठं सांडत्यात गं रस्त्यानं?"

मी ढीग मोडले, पुन्हा माझ्या हातानं लावले. तीन ढीग, नऊ सुटे. मला राग येत नाही सहसा, पण त्या दिवशी आला. पोर खरं बोलतेय आणि मार खातेय!

दुसऱ्या दिवशी डोक्यावरचा पदर सारखा करून शाळेत गेले. मागून कुणीतरी पोरगं म्हणालं, "कडीची आई आली रं भांडायला!" सगळी हसली. कडूनं मान खाली घातली.

"गुरुजी, राग मानू नका," मी म्हटलं. "पोरीचं बरोबर हाय. मी सोता मोजलंय."

गुरुजी हसले नाहीत. घोंगडीचा तुकडा पुढं सारला. "बसा केशरबाई. माझ्यासमोर मोजा."

मी ओच्यातले चिंचोके काढले. लाभ, दोन, तीन... खळ्यावर माप टाकताना आमच्यात पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. तसं मोजत दहापर्यंत आले आणि हात आपसूक पुढं गेला, ढिगावर आणखी एक चिंचोका ठेवला.

"थांबा," गुरुजी म्हणाले. "हा कशाचा?"

"त्यो देवाचा."

बोलले आणि माझा हात तिथंच राहिला. लाखोलीत दर दहाच्या ढिगावर एक दाणा जास्तीचा ठेवायचा, ही माझ्या आईची शिकवण. मोजताना चुकभूल झाली तर देवाचं कमी पडू नये. मोजताना मी बोलत नसे, म्हणून कडूनं विचारलं नाही, बघून शिकली. तिच्या प्रत्येक जुडीत अकरा काड्या होत्या.

मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

गुरुजींनी कडूची एक जुडी सोडून मोजली. "मी एकदाही सोडून बघितली नाही," ते म्हणाले. "छड्या तेवढ्या मोजून दिल्या."

घरी येताना कडूनं माझं बोट धरलं. "आये, वरचा काढला तर देव रागवंल?"

मी बांधावर थांबले. माझा नेम आणि तिची पाटी, दोन्ही डोळ्यांपुढं आले. म्हटलं, "न्हाई गं. देवाला द्यायचं ते आपल्यातलं द्यावं. मी तुझ्यातलं दिलं."

त्या दिवसापासून देवापुढं एक वाटी जास्तीची आली. ढीग दहाचाच. देवाचा दाणा वाटीत. ढीग कडू लावायची, वाटीत दाणा मी टाकायची.

दसऱ्यानंतर सहामाही झाली. गुरुजींनी स्वतः पाटी हातात घेऊन तिला घरी आणलं. गणितात पन्नासपैकी बेचाळीस. वडिलांनी पाटी उलटसुलट करून पाहिली, वाचता येत नव्हतं तरी. मग म्हणाले, "शेरडं मी बघीन."

दुसऱ्या पहाटे हजार दाणे भरले, तेव्हा कडूनं देवाची वाटी परातीच्या मोकळ्या कडेला पालथी केली आणि दहा-दहाचे ढीग लावले. मोजणं अजून चालू होतं, म्हणून नेमाप्रमाणं मी बोलले नाही.

"धा ढीग. शंबर!" ती म्हणाली. मग उरलेल्या तांदळातला एक दाणा उचलून कडेला ठेवला.

मी नुसतं बघितलं.

"ह्यो गुरुजींचा," ती म्हणाली. "त्यांचंबी चुकलं हुतं की."