पोटावरून गालावर

मी कातडी बोलतेय. जन्म पोटावरचा, बेंबीच्या उजव्या अंगाचा. सध्या मुक्काम गालावर.

माझा धनी मच्छिंद्र, जामखेडकडचा. तान्हा असताना त्याच्या पोटात दूध ठरत नव्हतं. तेव्हा त्याच्या आईनं, साळूबाईनं, आमच्याकडच्या रीतीप्रमाणं बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला आणि माझ्यावर चार ठिपके दिले. पोर जगलं. ठिपके काळे होऊन राहिले. मी सदऱ्याआड असायची, ऊन कसं असतं ते मला ठाऊक नव्हतं.

एकाहत्तरच्या लढाईत त्याच्या रणगाड्यानं पेट घेतला. ओढून बाहेर काढलं तेव्हा कपड्यांखाली मी शाबूत होते, पण तोंड ओळखू येत नव्हतं. धुरानं आवाजही गेला होता. उरली ती घरघर.

लष्करी इस्पितळात डॉक्टरांनी माझ्या दोन कडा सोडवल्या आणि मला वळकटीसारखं गुंडाळून शिवलं. एक टोक मनगटाला जोडलं. तिथलं रक्त माझ्यात खेळू लागल्यावर मला पोटापासून तोडलं आणि माझं सुटं टोक गालाला शिवून ते मनगट त्याच्या तोंडाशी बांधलं. कित्येक दिवस तो स्वतःच्याच हाताला चिकटून जेवला, झोपला.

त्या वॉर्डात आरसा ठेवत नसत. शेजारच्या खाटेवरचा विचारी, "माझं तुझ्यापेक्षा बरं दिसतंय का रे?"

मच्छिंद्र घरघरत म्हणे, "तुझं लगीन जमंल गड्या. माझ्या तोंडावर पोरीला पोटच बघावं लागंल."

शेवटी हात सुटला. मी गालावर पसरले. "हे ठिपके पुढच्या खेपेला काढू," डॉक्टर म्हणाले.

दुष्काळाच्या उन्हाळ्यात तो गावी आला. रणगाडा जळाल्याचं गावात आधीच कळलं होतं; तो गेला असंच सगळे धरून होते. साळूबाई खडी फोडून नुकतीच परतली होती.

"आई, मी मच्छिंद्र."

तिनं तोंड पाहिलं, आवाज ऐकला.

"माझ्या लेकाचं सोंग घिऊन आलायस व्हय?"

शेजारची चांगुणा कुडाआडून म्हणाली, "मावशी, पानी नगा देऊ. जळून मेलेलं तहानेलंच येतंय. आदी तुकडा उतरा, मंजी आल्या वाटंनं जाईल."

साळूबाईनं भाकरीचा तुकडा आणला. परगावाहून आलेल्या लेकरावरून ओवाळतात, तसाच. पण हिला हे भूत माघारी घालवायचं होतं. मच्छिंद्र उंबऱ्याबाहेर डोळे मिटून वाकला.

तुकडा फिरवताना तिचा अंगठा माझ्यावर घासला. तो थांबला. एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर गेला, मग तिसऱ्या, चौथ्यावर.

"हे मी दिल्यालं हाय," ती हळू म्हणाली. "पर हे पोटाव हुतं."

त्यानं सदरा वर केला. माझ्या जागी लांबलचक पांढरा व्रण होता.

तिनं एकदा पोटाकडं पाहिलं, एकदा गालाकडं. मग तुकडा लांब फेकला आणि पाण्याचा तांब्या भरून आणला.

"मावशी..." चांगुणा म्हणाली.

"तहानलाय त्यो," साळूबाई म्हणाली.

आता तो चार घास जास्त जेवू लागला की मी गालावर फुगते. पोटाची सवय सुटत नाही. चांगुणा अजून पदराआडून बघते. बघू दे. माझं मागणं एवढंच आहे, डॉक्टरसाहेब, की ते ठिपके राहू द्या. साळूबाईचा अंगठा रोज ते चाचपतो, त्याशिवाय तिचा विश्वास बसत नाही.

आणि तिनं माझ्यावर अंगठा टेकला, की मच्छिंद्रचा हात गालाकडं जात नाही. तो सदऱ्याखाली, त्या रिकाम्या व्रणावर जातो; तिचा स्पर्श त्याला तिथंच कळतो.

"आई," तो म्हणतो, "हात किती गार हाय तुजा."