एक खांब धाव, दोन खांब चाल

"हे घे, आई," असं म्हणत मुलाने जाड सुती पट्टीचं वेटोळं आणि एक लोखंडी बक्कल शिलाई मशीनवर ठेवलं. "तिच्या कमरेचं माप घे आणि आजच शिवून टाक. दुसऱ्या टोकाला हातात धरायला मूठ कर."

टेलरबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "आठ वर्षांच्या पोरीला पट्टा?"

"मग काय करू? तूच सांग."

सांगण्यासारखं काही असतं तर टेलरबाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. पण मंगळवारी जे झालं त्याला चार दिवस झाले होते, आणि चार दिवस त्यांच्याही घशाखाली घास उतरत नव्हता.

पट्टा शिवायचा होता तो भिंगरीसाठी. मुलाची एकुलती एक लेक, जन्मापासून जरा वेगळ्या घडणीची. बोलत नव्हती. सकाळी तीन तास तिच्यासारख्या मुलांच्या शाळेत जायची आणि दुपारी आजीच्या दुकानात, शिवणाच्या टेबलाखाली बसून रंगारंगाने बटणं लावायची. मशीनची घरघर चालू असली की पोर अगदी शहाण्यासारखी. पण मधेच काय व्हायचं कोण जाणे, उठायची आणि सुसाट पळत सुटायची. हाक मारावी तर आणखी जोरात. सहा वर्षांची होईपर्यंत आजी तिला दाराबाहेर चार पावलांत धरायची. त्यानंतर पोरीचे पाय लांब झाले आणि आजीची कंबर रुंद झाली.

मंगळवारी भिंगरी अशीच सुटली. टेलरबाई कात्री टाकून मागे धावल्या, आणि चार दुकानं पलीकडच्या औषधवाल्याशीच त्यांचा दम संपला. दिव्याच्या खांबाला मिठी मारून त्या उभ्या राहिल्या आणि पुढचं सगळं तिथून नुसतं बघत राहिल्या. पोर चौकात शिरली. ट्रकने करकचून ब्रेक दाबला. फळवाल्याने झडप घालून तिला ओढलं. पोरीच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता, पण ट्रकवाला खाली उतरून रस्त्यातच मटकन बसला होता.

मुलगा शहरात बस चालवायचा. त्याने आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "मी रोज स्टिअरिंगमागे बसतो, आई. भरलेली बस ब्रेक दाबल्यावर कुठवर जाते, ठाऊक आहे? तुझ्या दारापासून त्या औषधवाल्याच्या दारापर्यंत. मधे जे येईल ते येईल."

टेलरबाईंनी पट्टा शिवला. पस्तीस वर्षांचा हात होता, तासाभरात झाला. दुहेरी टीप मारली, बक्कलाशी चौकोन घालून त्यात फुली मारली, की बैल बांधला तरी उसवू नये. पोरीला काचू नये म्हणून आतून मऊ अस्तर लावलं. मग भिंगरीला टेबलाखालून बाहेर बोलावून तिच्या कमरेला बांधून पाहिला.

टेबलाबाहेर आली की जागेवर न ठरणारी पोर एकदम स्तब्ध उभी राहिली. रडली नाही, ओढलं नाही. बक्कलाकडे बघत राहिली, आणि तिचे दोन्ही हात हळूहळू अंगाबरोबर खाली आले. टेलरबाईंना स्वतःची किळस आली. त्यांनी झटकन बक्कल सोडलं, पट्टा गुंडाळून खणात टाकला आणि खण बंद केला.

"दोन महिने दे मला," त्या मुलाला म्हणाल्या.

"दोन महिन्यांत काय होणार आहे?"

"धावायला शिकेन."

मुलगा आधी हसला. मग आईचं तोंड बघून हसायचा थांबला. "आई, अठ्ठावन्न वर्षांची आहेस तू."

"मला सांगतोस? माझंच वय आहे ते. तोवर दुकानाला आतून वर कडी लावते, गिऱ्हाइकं दार वाजवतील. दोन महिन्यांनी जमलं नाही तर माझ्या हाताने बांधीन तिला पट्टा. मग तर झालं?"

मुलाने भिंतीवरच्या कॅलेंडरवर एका रविवारभोवती आईच्याच शिवणाच्या खडूने गोल केला. दुसऱ्या दिवशी पहाटे टेलरबाई जुने कापडी बूट घालून दुकान आणि चौकामधल्या मोठ्या शाळेच्या रस्त्यावर उभ्या राहिल्या. स्वतःच शिवलेली, कमरेला इलॅस्टिक घातलेली ढगळ पँट होती. आसपास चिटपाखरू नव्हतं. त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि जीव खाऊन धावत सुटल्या. दिव्याचा पहिला खांब गेला, दुसरा गेला. तिसऱ्याशी डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि त्या शाळेच्या कठड्यावर बसून ओकल्या.

"बाई, चोर तुमच्या मागे लागलाय की तुम्ही चोराच्या?"

त्या शाळेचे पी.टी. मास्तर होते. आता निवृत्त. तीस वर्षं पोरांना मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या आणि स्वतःचं पोट मात्र वाढवलं, ते किती वाढलं याचा पक्का हिशोब टेलरबाईंकडे होता, कारण मास्तरांच्या पँटी दरवर्षी ढिल्या करायला त्यांच्याकडेच यायच्या.

टेलरबाईंनी तोंड पुसलं आणि काय आहे ते सांगून टाकलं. मास्तर थट्टा विसरले. कठड्यावर शेजारी टेकले.

"नवं कापड हातात आलं की लगेच पक्की टीप मारता का?"

"छे! आधी कच्चा दोरा घालते."

"मग पायांनाही कच्चा दोरा घाला. एक खांब धावायचं, दोन खांब चालायचं. दहा वेळा. एक दिवसाआड. आठवडाभर बरं गेलं की मग दोन खांब धावायचं. आणि धावताना बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की समजायचं, वेग जास्त झाला."

"बोलायचं कसं ते मला शिकवता होय, मास्तर?"

"ते कोण शिकवणार तुम्हाला! पण एकट्याच काय बोलाल? पाढे म्हणा."

म्हणून मग रोजच्या फिरणाऱ्यांना एक नवल दिसू लागलं. एक जाडजूड बाई बे एके बे, बे दुणे चार करत कासवाच्या गतीने जायची, खांब आला की पाढा तिथेच सोडून चालू लागायची. औषधवाल्याच्या कानावर गेलंच. "काय टेलरबाई, ऑलिंपिक कधी?" तो दुकानातून ओरडायचा. "तुझ्या गोळ्या बंद केल्या की लगेच," टेलरबाई म्हणायच्या.

हसत हसत काही झालं नाही, हे मात्र सांगायला हवं. दुसऱ्या आठवड्यात नडग्या अशा ठणकायला लागल्या की मशीनच्या पायपट्टीवर पाऊल ठेववेना. तिसऱ्या आठवड्यात गुडघा सुजला आणि मास्तरांनी चार दिवस सक्तीने घरी बसवलं. टेलरबाईंना ते चार दिवस खायला उठले. कॅलेंडरवरचा तो खडूचा गोल समोरच होता. एका संध्याकाळी सून इस्पितळातल्या नोंदणीच्या खिडकीवरून थकून आली आणि काही न बोलता सासूच्या पिंढऱ्यांना मलम चोळायला बसली.

"राहू दे गं, दमून आलीस."

"आई, तो पट्टा मलाही नकोय," सून खाली मान घालूनच म्हणाली. "रोज वाटतं, खणातून काढून फेकून द्यावा. पण मला माझी मुलगी हवीये. जिवंत हवीये."

टेलरबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पाचव्या दिवशी पहाटे त्या पुन्हा रस्त्यावर होत्या.

पाचव्या आठवड्यात चार खांब धावणं अंगवळणी पडलं. बेचा पाढा इतका गुळगुळीत झाला की मास्तर म्हणाले, आता अवघड घ्या. टेलरबाईंनी एकोणतीसचा घेतला. शाळेत असताना याच पाढ्यापायी त्यांनी छड्या खाल्ल्या होत्या. आता धाप आणि पाढा दोन्ही एकदम सांभाळायचं म्हणजे तारेवरची कसरत, पण सूड उगवल्याचा आनंदही होता.

त्या रविवारी त्यांनी भिंगरीला शाळेच्या मैदानावर नेलं. मास्तरांनी फाटक लावून घेतलं आणि टेलरबाई नातीला धरायला धावल्या. पोर वाऱ्यासारखी निसटली. परत धावल्या, परत निसटली. तिसऱ्या वेळी टेलरबाई मैदानाच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. महिनाभर रक्त आटवलं ते फुकट गेलं, असं वाटून त्यांना रडूच फुटलं.

"ती आठ वर्षांची आहे, बाई," मास्तर म्हणाले. "तिच्यापेक्षा जोरात तुम्ही या जन्मी धावणार नाही. ते डोक्यातून काढा. ती दमेपर्यंत टिकलात तरी खूप. जा, आपल्या फेऱ्या पुऱ्या करा."

टेलरबाई नाक पुसत फेरीला लागल्या. पोरीकडे पाहिलंच नाही. राग होता, त्या रागात पाढा जरा मोठ्यानेच निघाला. "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी..." दुसरी फेरी अर्धी झाली असेल, तोच मागून चटचट पावलं आली. भिंगरी शेजारी येऊन धावत होती. आजीकडे बघत नव्हती, कुठेच बघत नव्हती, पण पाऊल पाढ्यावर पडत होतं. टेलरबाई थांबल्या तशी ती पुन्हा लांब पळाली. त्या पाढा म्हणत धावू लागल्या, की ती परत आली.

"मशीनची घरघर ऐकून गप बसते, तसंच आहे हे," टेलरबाई हलकेच म्हणाल्या.

पण मैदान वेगळं आणि रस्ता वेगळा, हे दोघांनाही कळत होतं. मैदानाला फाटक होतं.

खडूचा गोल असलेला रविवार उजाडला. मुलाला सुट्टी होती. तो दुकानात आला, उंबऱ्यावर उभा राहिला. त्याच्यासाठी काढलेली वरची कडी तशीच होती.

"आई, तू मेहनत केलीस, मी नाही म्हणत नाही," तो म्हणाला. "सूज आलेले पाय बघितलेत मी तुझे. पण मला रस्त्यावर गाडी चालवताना पोरीचाच चेहरा दिसतो. काढ तो पट्टा."

टेलरबाईंचा हात खणाकडे गेला. शब्द दिला होता. तेवढ्यात शेजारच्या दुकानदाराच्या हातून लोखंडी शटर सुटलं आणि धाडकन खाली आलं. टेबलाखालची बटणं चहूकडे उधळली. भिंगरी बापाच्या बगलेखालून बाहेर पडून रस्त्याला लागलीसुद्धा.

"अगं थांब! थांब!" मुलगा ओरडत मागे सुटला. जोरात धावला, खरंच जोरात. पण दहा वर्षं बसच्या सीटवर बसलेलं शरीर ते. शाळेच्या कुंपणाशी पोहोचेपर्यंत त्याच्या पोटात कळ आली आणि तो वाकला. शेजारून त्याची आई गेली.

"ओरडू नकोस!" एवढंच ती म्हणाली.

भिंगरी वीसेक पावलं पुढे होती आणि पुढे चौक होता. टेलरबाईंच्या मनात आलं, द्यावं सगळं झोकून, एकदाच, जीव गेला तरी चालेल. पण जीव खाऊन धावलं की तिसऱ्या खांबाला काय होतं, ते त्यांना पाठ होतं. त्यांनी वेग वाढवला नाही. आवाजही सरळ ठेवला. "एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न." पोर धावतच होती. "एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी." चौकातल्या फळवाल्याने गाडा सोडून हात पसरले. एक ट्रक वळण घेत होता. "एकोणतीस चोक एकशे सोळा. पाचे एकशे पंचेचाळीस."

पोरीचं पाऊल चुकल्यासारखं झालं. मग ते पाढ्यात पडलं. एक, आणखी एक. चौकाच्या कडेला, फुटपाथ संपायच्या आत, ती वळली आणि मागे येऊन आजीच्या शेजारी धावू लागली.

टेलरबाई थांबल्या नाहीत. थांबलं की ती पळते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी वाहू दिलं. पोरीसकट डावीकडे वळून, फुटपाथ धरून, "सक एकशे चौऱ्याहत्तर, सत्ते दोनशे तीन" करत त्यांनी पाढा दहापर्यंत नेला, परत पहिल्यापासून म्हटला, आणि शाळेला पूर्ण वळसा घालून मुलगा होता तिथे आल्या. तो कठड्यावर बसला होता, दोन महिन्यांपूर्वी त्या बसल्या होत्या बरोबर तिथेच. चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने पोरीला जवळ ओढलं नाही, तिला ते आवडायचं नाही. नुसता तिच्या बुटाच्या टोकाला हात लावला.

त्याने बाहीने तोंड पुसलं. घाम होता की काय होतं, टेलरबाईंनी विचारलं नाही.

"पहिल्या दिवशी किती धावायचं असतं?" मग त्याने विचारलं.

"एक खांब," टेलरबाई म्हणाल्या. "मग दोन खांब चालायचं."

दुपारी त्यांनी खणातून पट्टा काढला आणि चष्मा लावून उसवायला बसल्या. भिंगरी टेबलाखाली होती. वरून पडणारा एकेक दोरा उचलून ती बटणांच्या रांगेशेजारी लावत होती. दुहेरी टीप, वर चौकोन, चौकोनात फुली. एक टाका म्हणून सहज सुटत नव्हता. ब्लेडने बोटही कापलं. लोकांचे जुने कपडे उसवण्यात जन्म गेला होता, पण ही शिलाई उसवायला टेलरबाईंना सगळी दुपार लागली. फार मन लावून घातली होती.