गणपतीमागची तबकडी

मी एक जुनी ऑपरेटिंग सिस्टीम आहे. संगणक सुरू केला की आधी जागी होते ती मी. माझ्याशिवाय तो नुसता डबा. मित्रांनो, तुम्ही मला ओळखत नाही याचं मला नवल वाटत नाही. तुम्हाला तर कालचा मोबाइल आज जुना वाटतो.

एका चकचकीत तबकडीवर, म्हणजे सीडीवर, बसून मी रायपूरला आले. शहर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं आणि ज्याला त्याला घरी संगणक हवा होता. रेल्वेत नोकरीला असलेल्या दिवाकररावांनीही ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या घरी तो आणला. कीबोर्डवर हळदकुंकू वाहिलं, ते फटीतून महिनाभर निघालं नाही. एवढा सोहळा करून दिवाकरराव माझ्यावर पत्ते खेळत बसले आणि त्यांचा मुलगा अनिमेष मोटारी पळवू लागला. काम केलं ते एकट्या शारदाबाईंनी. मराठी टायपिंग शिकून त्यांनी धाकट्या लेकीच्या, निधीच्या लग्नासाठी मंगलाष्टकं रचली. निधी तेव्हा शाळेत जात होती.

"अहो, आयकता का जरा? लिहून झालं माह्यं," त्यांनी नवऱ्याला हाक मारली.

"उद्या पाहू," दिवाकरराव म्हणाले आणि पुढचा पत्ता टाकला. शारदाबाईंनी नंतरही दोनदा विचारलं, मग विचारणं सोडून दिलं. काही वर्षांनी शारदाबाई गेल्या.

संगणक भंगारात गेला. आईच्या फाइली अनिमेषने पेनड्राइव्हवर घेतल्या आणि विसरून गेला. माझ्या तबकडीला मात्र या शहाण्यांनी गणपतीच्या मागे प्रभावळ म्हणून उभं केलं. दहा दिवस आरती, मग वर्षभर माळ्यावर. यांच्या अकलेचं कौतुक करावं तेवढं थोडंच!

मग निधीचं लग्न ठरलं. आईचीच मंगलाष्टकं हवीत, असा तिने हट्ट धरला. नव्या संगणकावर फाइल उघडली तर पडद्यावर नुसते चौकोन. ते जुनं टायपिंग फक्त माझ्यावर चालतं. लग्न तर येत्या रविवारी. 'नवा रायपूर' या नव्या वसाहतीतल्या काचेच्या ऑफिसात बसणाऱ्या अनिमेषने मग मला माळ्यावरून उतरवलं, शेंदूर पुसला आणि नव्या संगणकाच्या आत एक खोटा संगणक उभा केला. त्याला म्हणे व्हर्च्युअल मशीन म्हणतात. मला त्यात बसायला लावून, वडिलांना राखणीला ठेवून साहेब जेवायला गेले.

मला बसवण्याचं अर्धं काम झालं की यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होतं. तबकडी आत असली की ते विचारतं, तबकडीवरून सुरू करायचं असेल तर कोणतीही कळ दाबा. या दुसऱ्या खेपेला ती दाबायची नसते. पण दिवाकररावांचा जन्म रेल्वेच्या सूचना पाळण्यात गेलेला. त्यांनी दाबली. झालेलं सगळं पुसून मी पहिल्यापासून बसू लागले. पुन्हा तेच, पुन्हा कळ. इतकी आज्ञाधारक माणसं बायकोचं एवढंसं ऐकत नाहीत, याचा मला संताप येत होता.

"काहून रे पोट्ट्या, हे फिरून फिरून तिथंच येऊन राहिलं?" दिवाकररावांनी हाक दिली.

"बाबा, बटन मत दबाओ ना! हाथ दूर रखो," अनिमेष धावत आला.

अखेर मी बसले. फाइल उघडली आणि निधी मोठ्याने वाचू लागली. शेवटचं कडवं तिच्यासाठी नव्हतंच. लेक गेल्यावर घर सुनं होईल, तेव्हा या माणसाला कोणी एकटं जेवू देऊ नका, तो मागून वाढून घेत नाही, असं शारदाबाईंनी लिहिलं होतं. निधी वाचता वाचता थांबली.

दिवाकरराव पडद्याजवळ सरकले. "वाच पोरी," ते म्हणाले. मग माझ्याकडेच बघत हळूच बोलले, "आयकून राहिलो आता मी, शारदा."

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा असं मी तुम्हाला विनवणार नाही. मला खुशाल माळ्यावर टाका. पण घरात कोणी काही लिहून "ऐकता का" म्हणालं, तर हातातलं ठेवून तेव्हाच ऐका. नंतर मला कितीही वेळा बसवलंत, तरी मी फक्त अक्षरं दाखवू शकते.