गारांचा उतार

सलीलकाकांना वाळू वश आहे, असं कुवेतमध्ये फहाहीलपासून रुमैथियापर्यंतचा प्रत्येक मराठी माणूस सांगायचा, आणि सगळ्यात जास्त सांगायचे ते स्वतः सलीलकाका. कुणाची गाडी वाळवंटात रुतली की फोन काकांना. काका येणार, टायरची निम्मी हवा सोडणार, गाडी फोर व्हीलला टाकणार, अ‍ॅक्सिलरेटर दाबणार आणि लोण्यातून केस काढावा तशी गाडी बाहेर. वर ज्ञानही देणार, "वाळूत थांबला तो रुतला."

शर्वरीला हे सगळं तोंडपाठ होतं. अठरा वर्षांची पोर. अकरावीत सरांच्या टेबलावर वही आपटून वर्गाबाहेर पडली ती परत शाळेत गेलीच नाही. तेव्हापासून घरात तिचं बूड एका जागी टेकत नव्हतं. सोफ्यावरून गॅलरीत, गॅलरीतून फ्रीजपाशी. टिकायची ती फक्त मोबाईलसमोर, आलोकमामाचे व्हिडिओ बघताना. आलोकमामा मनालीला राहतो आणि पुण्या-नाशकाच्या हौशी लोकांना भर थंडीत जीपमधून बर्फात फिरवतो. त्याला हाताखाली माणूस हवं होतं. "पाठव शरूला," तो म्हणाला होता. शर्वरीचे बाबा, गुरुप्रसाद, ऑइल कंपनीत सेफ्टी बघतात. ते आठवडाभर हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. आज संध्याकाळी मामा शेवटचं विचारणार होता. उत्तर नसेल तर दुसरं माणूस बघणार होता.

आणि आजच काकांनी सगळ्यांना जहरा गावाच्या पलीकडे, कड्यावरच्या तंबूत जेवायला आणलं होतं. थंडीचे महिने आले की इथे अर्धं कुवेत तंबूत राहायला जातं.

जेवणं झाली आणि आभाळ काळंनिळं झालं. मग तंबूवर कुणी पोतंभर हरभरे ओतावेत तसा आवाज सुरू झाला. बाहेर बघतात तर गारा. थांबायचं नावच नाही. बघता बघता सगळं वाळवंट पांढरं. शेजारच्या तंबूतली कुवेती पोरं भांड्यात गारा भरून, वर विम्टोचं सरबत ओतून खायला लागली. आईने, म्हणजे चारुशीलाबाईंनी, नाशकात आजीला व्हिडिओ कॉल लावला. शर्वरी मात्र उकिडवी बसून हाताने रस्ता चाचपत होती. खाली डांबर, वर गारांचा थर, मध्ये पाणी. गारा बोटाखाली सटकत होत्या.

"चला, निघू या," काका म्हणाले. "सगळे एकदम निघाले की उतारावर जाम होईल."

"काका, आधी टायरमध्ये हवा भरा," शर्वरी म्हणाली. "वाळूसाठी सोडली होतीत ती."

"भरतो की खाली जाऊन. उलट बरंय, टायर पसरलेले आहेत. हे बर्फ म्हणजे पांढरी वाळूच."

"वाळू नाहीये ती. खाली डांबर आहे. टायर मऊ असले तर पाण्यावर तरंगतील."

"शरू," आधीच गाडीत बसलेले बाबा मागच्या सीटवरून म्हणाले, "काका वीस वर्षं चालवतोय."

"वाळूत."

"तोंड बघा हिचं," आई पुटपुटली.

शर्वरी पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि दार जरा जास्तच जोरात लावलं. मागून बाबांचा सुस्कारा ऐकू आला. तिच्या गुडघ्याला बसल्या बसल्या ठेका लागला होता.

कड्यावरचा सपाट रस्ता ठीक गेला. काकांनी गाडी फोर व्हीलला टाकली आणि खूश होऊन शीळ घालायला लागले. "बघ. पकडते की नाही? चार चाकं आहेत, गंमत नाही."

"पकडते ती पुढे जायला. थांबायला चार चाकं काय करणार? थांबायला तर सगळ्याच गाड्यांना चार चाकं असतात."

मागे बाबा हसले. काकांची शीळ बंद झाली.

मग उतार आला. खाली लांबवर खाडीचं करडं पाणी, आणि उताराच्या मध्यावर रस्त्यात आडवा उभा एक पिकअप. मागे मेंढ्या दाटीवाटीने. कुणीतरी माणूस ताडपत्रीवरच्या गारा फावड्याने खाली ओढत होता.

"काका, लो गिअर घाला. इथेच, उतरायच्या आधी. इंजिनच गाडी धरून ठेवेल, ब्रेक लागणारच नाही."

"अगं, हळू गेलो तर अडकू. थोडा जोर पाहिजे."

"अडकायला काय वाळू आहे का ही?"

काकांनी सवयीने जोर दिला. वीस वर्षांचा पाय तो, त्याला दुसरं काय माहीत असणार. गाडी उताराला लागली आणि हलकी झाली. एकदम हलकी, जणू खालचा रस्ता कुणी काढून घेतला. काकांनी स्टिअरिंग जरासं फिरवलं. गाडीने ऐकलंच नाही. ती सरळ पिकअपकडे निघाली.

"ब्रेक नको," शर्वरी किंचाळली. "ब्रेक नको म्हणते ना, कळत नाही का तुम्हाला!"

आणि किंचाळी ऐकून माणूस जे करतो तेच काकांनी केलं. धाडकन ब्रेक. पेडलखालून कर्रकर्र आवाज आला, गाडीची मागची बाजू उजवीकडे वळायला लागली, आईने "अगं बाई" म्हणत बाबांचा दंड धरला. आता समोरच्या काचेत रस्ता नव्हताच, मेंढ्यांची तोंडं होती. फावडेवाला फावडं टाकून बाजूला पळाला.

शर्वरीने काकांचा चेहरा पाहिला. पांढराफटक. ओठ घट्ट. पाय ब्रेकवर असा रुतलेला, की काकांनी बाहेर काढलेल्या गाड्याही वाळूत इतक्या रुतल्या नसतील. आणि तिला लख्ख दिसलं, हा पाय आपण तिथे ठेवलाय. आपल्या आवाजाने.

तिने दात आवळले. पोटातला सगळा संताप गिळला आणि आजारी पोराला औषध पाजताना आई जशी बोलते तसं बोलली.

"काका. पाय उचला. दोन्ही पाय वर."

"अगं पण..."

"वर घ्या काका. मी आहे ना शेजारी. छान. आता मेंढ्यांकडे बघू नका. उजवीकडे तो दिव्याचा खांब दिसतोय? त्याच्याकडे बघा फक्त. हात बघतील तिकडे जातील. हळूच. आणखी हळू."

चाकं फिरायला लागली. गाडीचा मागचा भाग पुन्हा मागे आला. कडेला डांबर संपून खडी सुरू होत होती, तिथे उजवी चाकं चढली आणि खालून कुरकुर असा खरखरीत, गोड आवाज आला. खडीने टायर धरले.

"आता ब्रेक. बोटाने दाबल्यासारखा. सोडा. परत. बास."

गाडी उभी राहिली. पिकअप मागच्या डाव्या खिडकीच्या इतक्या जवळ होता, की एका मेंढीने काचेवर श्वास सोडला आणि काच धूसर झाली.

मग फावडेवाला काचेवर टकटक करायला लागला. नौमान नाव त्याचं, मेंढ्या सुलैबियाकडे चालवल्या होत्या.

"भाईसाहब, रेत समझ के आए थे क्या?"

काकांनी काच खाली केली. "हां भाई," म्हणाले. "रेत ही समझा था."

ते खाली उतरले, डिकीतून हवेचा पंप काढला आणि एका गुडघ्यावर बसून टायरला नळी लावली. नळी काही बसेना. शर्वरी उतरली आणि तिने नळी बसवून दिली. पंपाची घरघर सुरू झाली.

बाबा खाली उतरून तिच्या शेजारी उभे राहिले.

"हे सगळं व्हिडिओत बघितलंस?"

"हो."

"आणि ते किंचाळणं? तेही व्हिडिओत होतं?"

तिच्या तोंडाशी आलं, की मी नसते तर आत्ता मेंढ्यांसकट गेलो असतो सगळे. जिभेच्या टोकावर होतं. पण काकांनी पंपावरून मान वर केली होती, आणि त्या तोंडाकडे बघून शब्द बाहेर पडेना.

"नाही," ती म्हणाली. "ते माझं."

"आलोककडे पर्यटक असतील. बायका, पोरं. त्यांच्या गाडीत असं ओरडशील?"

"ओरडलं की गाडी घसरते," शर्वरी म्हणाली. "बघितलं ना आत्ता."

बाबांनी बराच वेळ चष्मा पुसला. गारा वितळून चष्म्यावर थेंब पडले होते खरे, पण इतके नव्हते. मग त्यांनी खिशातून फोन काढला.

"आलोक? हां, आम्ही रस्त्यात आहोत. ऐक. येईल ती. पण पहिला सीझन ड्रायव्हरच्या शेजारी बसेल. स्टिअरिंगला हात नाही. फक्त बोलायचं, आणि हळू बोलायचं. ते जमलं तर पुढचं."

"अख्खा सीझन?" शर्वरी उसळली. "बाबा, मी काय तिकडे गप्पा मारायला..."

आईने मागून येऊन तिच्या दंडाला जो चिमटा काढला, त्याचा अर्थ तिला लहानपणी फहाहीलच्या बाजारात खाल्लेल्या चिमट्यांपासून माहीत होता. शर्वरी गप्प बसली. गुडघा मात्र हलतच होता.

चारही टायर भरून झाले. नौमानने पिकअप जरा मागे घेऊन वाट करून दिली. सगळे पुन्हा गाडीत बसले. काकांनी किल्ली फिरवली, उरलेल्या उताराकडे पाहिलं आणि हात गिअरवर नुसता ठेवून दिला.

"शरू," ते म्हणाले. "कुठला?"

"लो," ती म्हणाली. आणि मग, अगदी हळू, "काका."