नऊची गोळी आणि मिशी

पैज लागली ती चहाच्या डागावरून. वस्तादने कप उचलला, हात थरथरला आणि अर्धा चहा गेला चावीवाल्याच्या पांढऱ्या शर्टावर. चावीवाला म्हणजे उभा जन्म लोकांच्या खोड्या काढत जगलेला माणूस. शर्ट पुसायच्या आधी त्याचं तोंड सुटलं.

"वस्ताद, माणसाचं सोड, तुझ्याच्यानं आता फुगासुद्धा भादरून होणार नाही."

वस्ताद म्हणजे समोरच्या सलूनचा मालक. चाळीस वर्षं वस्तरा धरलेला हात, पण वर्षभरापासून त्याला कंप सुटला होता. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितलं. हालचालीसाठी मेंदूला जे रसायन लागतं ते कमी पडतंय, म्हणाले, गोळीनं भरून काढू. दिवसाला तीन गोळ्या सुरू झाल्या, तरी गिऱ्हाईक पांगलंच. थरथरता वस्तरा गळ्यावर फिरवून घ्यायची हौस कुणाला असते?

"आण फुगा," वस्ताद म्हणाला. "फेस लाव त्याला. वस्तऱ्यानं सगळा उतरवतो. फुटला नाही तर तुझी मिशी माझी. खुर्ची रस्त्यावर टाकून, सगळ्यांदेखत."

"आणि फुटला तर?"

वस्तादनं आपल्या सलूनकडे बघितलं. "फुटला तर शटर पाडतो आणि चावी तुझ्या हातात देतो. पोरगा कधीचा मागतोय, मोबाइलवाल्याला भाड्यानं द्यायला."

शेजारच्या इस्त्रीवाल्याला एवढंच हवं होतं. "रविवारी अकराला! मी पंच!" त्यानं गरम इस्त्री आपटून निकाल दिल्यासारखं जाहीर केलं.

ती मिशी सव्वीस वर्षांची होती. दोन्ही टोकं वर, रोज तेल. चावीवाल्याची बायको म्हणायची, बघायच्या कार्यक्रमात मला आधी मिशी दिसली, मागून नवरा आला. तरी चावीवाला निर्धास्त होता. ज्याला कप धरवत नाही तो फुगा काय धरणार!

बुधवारी तो आपल्या टपरीवरून सलूनकडे बघत मजा घेत बसला. दुपारपर्यंत वस्तादला कात्रीच्या कड्यात बोटं घालता येईनात. एक गिऱ्हाईक गळ्याला कापड बांधून घेतलेलं तसंच उठून गेलं. पण गुरुवारी वेगळंच घडलं. साडेनऊला हात मोकळा, दहाला एक दाढी सफाईदार, वर शीळ! शुक्रवारी हात पुन्हा लाकूड.

इथे चावीवाल्याचा धंदा आडवा आला. एकच चावी एक दिवस लागते आणि एक दिवस अडते, तेव्हा तो चावी घासत बसत नाही, कुलपाच्या भोकात काय गेलंय ते बघतो. गुरुवारी काय वेगळं होतं? डोकं खाजवल्यावर आठवलं. गुरुवारी दूधवाला आलाच नव्हता, आणि अंडीही तोच आणायचा. सगळी गल्ली त्याच्या नावानं बोटं मोडत होती. एरवी नऊच्या ठोक्याला वस्तादची बायको, गल्लीची वहिनी, दुधाचा मोठा पेला आणि दोन उकडलेली अंडी घेऊन यायची, त्यातच वस्ताद गोळी घ्यायचा.

तो उठला आणि मेडिकलवाल्या ताईकडे गेला.

"ताई, पार्किन्सनची गोळी दुधाबरोबर घेतली तर काय होतं?"

"कोण घेतं?" तिनं चष्म्यावरून बघितलं. "अहो, दूध, अंडी म्हणजे प्रथिनं. ती आणि ही गोळी, दोघांची आत शिरायची वाट एकच. दारात खेचाखेच होते. गोळी उशिरा पोचते, कधीकधी पोचतच नाही. जेवणाआधी अर्धा तास, पाण्याबरोबर, असंच सांगतात, मग तीनेक तास हात मोकळा राहतो. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदलू नका हं."

"एकच दार," चावीवाला म्हणाला. त्याला ते फार पटलं.

टपरीवर येऊन त्यानं मिशीला पीळ दिला. दोन दिवस गप्प बसायचं, बस्स. दूध काही त्यानं पाजलेलं नव्हतं. सलूनच्या शटरची चावी त्यानंच घडवली होती, ती खिशात घालून रविवारनंतर कसं हिंडायचं याचा विचार त्यानं करून बघितला. दोनदा करून बघितला. मग शिवी हासडली आणि मागच्या दारानं वस्तादच्या घरी गेला.

"वहिनी, सकाळचं ते दूध आणि अंडी बंद करा."

"का? तुमच्या पोटात दुखतंय का माझ्या नवऱ्यानं दूध प्यायलेलं? एवढी कडक गोळी, रिकाम्या पोटी मळमळतं त्यांना."

त्यानं सगळं सांगितलं. वहिनीनं तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून आवाज आला तो चावीवाल्यालाही ऐकू गेला: "अहो, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं त्यांना! पाण्याबरोबर. मळमळलं तर कोरडं बिस्कीट. दूध-अंडी रात्रीच्या जेवणात."

वहिनीनं फोन ठेवला. "मला यांनी एवढंच सांगितलं, गोळी आहे आणि तीनदा आहे." तिनं हातातला पेला पालथा घातला. "तुमचं नाव घेतलं तर मुद्दाम दोन पेले पितील."

"मग माझं नाव कशाला? दूध नासलं म्हणा, अंडी सडकी निघाली म्हणा."

शनिवारी दूध नासलं, अंडी सडकी निघाली. रविवारीही तेच. वस्ताद दूधवाल्यावर भडकला आणि गोळी पाण्याबरोबर गिळून कामाला लागला.

अकराला निम्मी गल्ली जमली. इस्त्रीवाल्यानं लाल फुगा फुगवला, गाठ मारली, फेस थापला. वस्तादनं डाव्या हातात फुगा धरला. वस्तरा टेकला तशी फुग्यानं चीं केली आणि पुढच्या पोरांनी कानात बोटं घातली. एक पट्टा लाल झाला. दुसरा झाला. गाठीजवळची सुरकुती सगळ्यात वाईट. तिथे वस्ताद थांबला, मनगट वळवलं आणि शेवटचा फेस पात्यावर घेऊन इस्त्रीवाल्याच्या नाकाला लावला.

फुगा शाबूत होता. इस्त्रीवाल्यानं बोंब ठोकली.

खुर्ची रस्त्यावर आली. चावीवाला बसला, गळ्याला कापड बांधलं. पण वस्तादला कसली घाई! आधी चहा मागवला, कप सगळ्यांना दिसेल असा उंच धरून घोट घोट प्यायला. मग फुगा पोरांना दाखवला, मग जुने किस्से काढले. अर्धी मिशी उतरवली आणि आणखी एक किस्सा सुरू केला. पावणेबारा वाजले. चावीवाल्यानं कापडाखालून मनगट काढून घड्याळ बघितलं.

"लेका, आटप ना! बाराला उतरते तुझी नऊची गोळी!"

वस्तरा हवेत थांबला.

"माझ्या गोळीचं तुला काय माहीत?"

 वस्तादनं दारात उभ्या असलेल्या बायकोकडे बघितलं. तिनं पदर सावरायचं निमित्त करून मान फिरवली.

"दोन दिवस दूध नासतंय," वस्ताद हळूहळू म्हणाला. "आणि बाकी कुणाचं नासत नाही."

"हल्ली दूधच वाईट येतं," चावीवाला म्हणाला.

"पैज तुझी, मिशी तुझी, आणि दूध तूच नासवलंस?"

"बडबड नको. अर्धी मिशी घेऊन मी घरी गेलो तर बायको मला उभं करायची नाही."

 वस्तादनं नवा फेस घोटला, उरलेल्या अर्ध्या मिशीवर नीट लावला, अंगठ्यानं ओठ ताणला आणि एका दमात उतरवली. मग तुरटी फिरवली, टॉवेलनं तोंड पुसलं आणि आरसा समोर धरला.

गल्ली पोट फुटेस्तोवर हसली. चावीवाल्याची बायको गर्दीतून पुढे आली, जवळून निरखून म्हणाली, "अगोबाई, मिशीमागे हे होतं होय!"