पाच नंबरची विहीर

धाकटीच्या सहीमुळे थोरलीच्या मेंढ्या मेल्या, हे दोघी बहिणींना माहीत होतं.

धाकटी लिथियमच्या खाणीवर पाणी मोजायच्या कामाला होती. खाणीचे पंप जमिनीखालचं खारं पाणी उपसून मोठमोठ्या तळ्यांत वाळवत. त्यातून गाड्यांच्या बॅटऱ्यांसाठी लिथियम निघे. त्या उपशाने गावाच्या गोड्या विहिरी आटू लागल्या. मॅनेजरने मात्र तिच्याकडून जुनेच आकडे लिहून घेतले. "काही झालं तर मी आहे ना," म्हणाला. तिने ऐकलं, सही केली, आणि कागदावर पाणी भरपूर दिसल्याने पंप चालूच राहिले.

थोरलीची विहीर कोरडी पडली. तहानलेल्या मेंढ्यांनी खाऱ्या डबक्याला तोंड लावलं आणि आठवड्यात सगळा कळप आडवा झाला. थोरली जाब विचारायला गेली, तर मॅनेजरने कागद पुढे सरकवला. "सही तुमच्याच बहिणीची आहे. तिला खोटं पाडताय?" आणि धाकटीच्या देखत तो हसला.

थोरलीने धाकटीशी बोलणं टाकलं. त्या दिवसापासून धाकटी खरे आकडे वेगळ्या वहीत उतरवू लागली. तोंडाने मात्र "हो साहेब, हो साहेब" चालूच होतं.

आठ महिन्यांनी बॅटरी कंपनीच्या तपासनीस बाई येणार असं कळलं. गावाच्या वाट्याचं पाणी गावाला उरतंय का, हे बघूनच त्या माल घेणार होत्या. मॅनेजरने गावाच्या आटलेल्या पाच नंबरच्या विहिरीच्या तळाला प्लॅस्टिक अंथरलं आणि वर टँकर रिकामे केले.

"भारी डोकं चालवलंत, साहेब," धाकटी म्हणाली.

सकाळी तपासनीस बाई आल्या आणि विहिरीभोवती गाव जमलं. थोरलीही आली होती. मॅनेजर अर्धा तास न्यायाच्या आणि वाट्याच्या गप्पा मारत होता. धाकटीने त्याला पोटभर बोलू दिलं. मग पिशवीतून मोजपट्टी न काढता विहिरीत पडलेल्या बादल्या काढायचा गळ काढला आणि विहिरीत सोडला.

"काय करतेस? नोकरी जाईल!" तो कुजबुजला.

"तुमच्यासोबतच जाईल."

तिने जोर लावून दोर ओढला. प्लॅस्टिक टरकन फाटलं. गुडगुड करत पाणी खालच्या भेगांत शिरलं आणि बघता बघता तळाचे दगड उघडे पडले.

"सही माझी, हुकूम यांचा. खरे आकडे यात आहेत," म्हणत तिने वही तपासनीस बाईंच्या हातात दिली.

मॅनेजरचा चेहरा पांढराफटक पडला. तो धाकटीकडे वळला. "ताई, सांगा ना त्यांना, गैरसमज झालाय..."

"आता हसा की, साहेब," धाकटी म्हणाली. त्याच्या कपाळावरचा घाम तिने डोळे भरून पाहिला. तिला जराही कीव आली नाही.

महिन्याभरात निम्मे पंप बंद झाले. गावाने मोजल्याशिवाय उरलेलेही चालवायचे नाहीत, असं ठरलं. मॅनेजरला काढलं, तिलाही काढलं.

ती थोरलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"त्याची जिरवलीस, बरं केलंस," थोरली म्हणाली. "पण मी तुला माफ केलेलं नाही."

"नको करूस."

"पाणी मोजायला मात्र शिकव. यापुढे कुणाच्या भरवशावर राहायचं नाही. तुझ्यासुद्धा."