टोपात भरलेला कापूस

मी एक टोप आहे. शहरातली माणसं मला हेल्मेट म्हणतात, पण फैजपूरच्या ज्या घरात माझं आयुष्य गेलं तिथे लहानथोर सगळे टोपच म्हणाले, म्हणून मीही तेच म्हणतो. माझा रंग पांढरा होता आणि मधून एक लाल पट्टा. आता पांढरा पिवळा पडलाय आणि लाल कुठे गेला ते शोधावं लागतं. पडवीतल्या खुंटीवर लटकून मी हे बोलतोय. मला तोंड नाही, पण आत पोकळी आहे आणि तिच्यात बरंच साठून राहिलंय.

माझा जन्म कुठल्या तरी लांबच्या कारखान्यात झाला. ते फारसं आठवत नाही. आठवतं ते धुळ्याचं जवरीलाल शेठचं दुकान. तिथे मोटारसायकलचे सुटे भाग मिळायचे. एक्क्याऐंशी साली पस्तिशीचा एक माणूस तिथे क्लचची तार घ्यायला आला. उन्हाने रापलेला, हातावर केळीचे काळे डाग. ते डाग धुतल्याने जात नाहीत. त्याचं नाव जीवराम. गावात त्याला नाना म्हणायचे.

जवरीलाल शेठ स्वतःही गाडी उडवायचे. मातीच्या उंचवट्यांवरून उड्या मारत, धूळ खात पळवायची शर्यत असते ना, तीच. दोघांची ओळख तिथलीच.

"जीवरामभाऊ, तार घेता, प्लग घेता, डोक्याला काय घेता?" शेठ म्हणाले.

"डोक्याले काय व्हतं शेठ? आमचं डोकं म्हणजे दगड."

"मग दगडाला टोपी घाला. घरी वहिनी तरी शांत झोपतील."

असा मी फैजपूरला आलो. त्या काळी आमच्या भागात डोक्यावर टोप घालून गाडी चालवणारा बघायला मिळत नव्हता. पोरं मागे धावायची. पारावरची माणसं विचारायची, "नाना, चंद्रावर चालले का?" नाना एक हात वर करून म्हणायचे, "येताना तुले माती आणतो!"

खरं सांगू? मला शर्यतीची फार भीती वाटायची. मी डोक्यासाठीच जन्मलो, तेव्हा डोक्याची काळजी करणं हाच माझा धंदा. गाडी उंच उडाली की मला वाटायचं, आता हे डोकं खाली कसं येणार? पण डोक्यावर बसलं की माणसाचं आतलं ऐकू येतं. उडी मारताना नाना श्वास धरायचे आणि गाडी जमिनीला टेकली की हळूच हसायचे. ते हसू बाहेर कोणाला दिसायचं नाही. ते माझ्यापुरतंच होतं.

त्र्याऐंशी साली ते पडले. डोकं मी राखलं, पण खांद्याजवळची हासळी मोडली. दीड महिना हात गळ्यात. केळीला पाणी भरायला दुसऱ्यांच्या विनवण्या करायची वेळ आली. तेव्हा कुंदाबाईंनी, म्हणजे नानांच्या बायकोने, बारा वर्षांच्या अभिमनला समोर बसवलं आणि नानांचा चांगला हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

"म्हणा, हा संसाराले लागेपर्यंत मी गाडी उडवणार नाही."

नानांनी पोराकडे बघितलं. मग तसंच म्हणाले. आमच्याकडे पोराच्या डोक्यावर हात ठेवून बोललेला शब्द कोणी मोडत नाही. गाडी मग नुसती शेतात जायची आणि यायची, आणि मी माळ्यावर गेलो.

माळ्यावरचे दिवस काय सांगू! एका वर्षी माझ्यात भेंडीचं बी ठेवलं. एका वर्षी कोंबडीने अंडी घातली, आणि खोटं कशाला बोलू, ते दिवस बरे गेले, कोणी तरी उबेला होतं. पण उंदरांनी माझ्या आतली मऊ गादी कुरतडून नेली. राहिली नुसती कवटी. अधूनमधून नाना शिडी चढून यायचे, कोणी बघत नाही ना ते पाहून मला डोक्यावर घालायचे, थोडा वेळ तसेच उभे राहायचे आणि परत ठेवून जायचे.

ब्याण्णव साली अभिमनचं लग्न झालं. सून आली. पुढच्या माघात नातू झाला. आणि पाठोपाठच्या चैत्रात जवरीलाल शेठचं पत्र आलं. धुळ्याला शर्यत आहे आणि यंदा चाळीशीच्या पुढच्यांचा वेगळा गट ठेवलाय. 'पोरांशी नाही, आपल्यासारख्यांशीच लढायचं. या.'

नानांनी पत्र वाचून कुंदाबाईंपुढे ठेवलं. कुंदाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी आणखी तीन भाकरी थापल्या.

"शब्द पुरा केला तुम्ही," शेवटी त्या म्हणाल्या. "दहा वरसं. मी कायले नाही म्हणू? पण गाडी तुम्ही बघा, डोकं मी बघते."

नाना सत्तेचाळीस वर्षांचे होते. काढून टाकलेल्या केळीच्या मोकळ्या वावरात मातीचे ढीग घालून ते रोज सकाळी उड्या मारू लागले. आतली गादी नव्हती म्हणून डोक्याला पंचा गुंडाळून वर मला घालायचे. पंचा चांगला बसायचा. घाम आला की झटकून पुन्हा गुंडाळायचा, काम भागत होतं. दहा वर्षांनी ते हसू मला पुन्हा ऐकू आलं.

पण कुंदाबाईंचा जीव पंचावर कसा राहावा? शर्यतीला चार दिवस राहिले तेव्हा त्यांनी मला मांडीवर घेतलं. घरचा कापूस, सरकी काढून पिंजून आणलेला. स्वतःचं जुनं मऊ लुगडं फाडलं. गोधडी घालतात तशी दोन पदरांत कापूस भरून माझ्या आतल्या मापाने गादी शिवली. सुनेने म्हटलं, "आत्या, टाके जरा जवळ घाला, नाही तर कापूस सरकेल."

"जवळ टाके घातले की गादी कडक होते. मऊ पाहिजे. डोकं हाय ते, पायपुसणं नाही." असं म्हणून त्यांनी आणखी एक मूठ कापूस भरला.

गोधडी त्यांना पुरती कळत होती. पण गोधडीवर माणूस निजतो, तासभर घाम गाळत उड्या मारत नाही. हे त्यांच्या ध्यानात आलं नाही, माझ्या आलं होतं. पण मी कोणाला सांगणार?

शेवटचा टाका आदल्या संध्याकाळी पडला. नानांनी मला घालून पाहिलं. कोरडा होतो, घट्ट बसलो.

"कसं वाटतं?"

"लग्नातल्या फेट्यावाणी."

कुंदाबाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी माझ्यावरून मीठमोहऱ्या उतरवल्या.

धुळ्याच्या मैदानात ही गर्दी. नाव लिहून घेणाऱ्या मुलाने वयासाठी शाळेचा दाखला मागितला. दाखल्यावर गुरुजींनी अंदाजाने घातलेली एक जूनची तारीख.

"आबा, याच्यावर तर तुम्ही त्रेचाळीसच!"

"दाखल्यावर त्रेचाळीस, गुडघ्यात सत्तेचाळीस. दोन्ही चालतं ना?"

सगळे हसले. उघड्या मैदानात दुपारचं ऊन होतं. दोरीच्या पलीकडे कुंदाबाई पदर डोक्यावर घेऊन उभ्या, त्यांच्याजवळ अभिमन. सुरू होण्याआधी नानांनी खिशातून पंचा काढला. मला डोक्यावरून उतरवून ते बघत राहिले. आतल्या गादीत बोट घातलं, तर ती एवढ्यातच ओली लागत होती. पाच फेऱ्या बाकी होत्या. मग त्यांनी दोरीकडे बघितलं. कुंदाबाईंनी मान हलवली, जा म्हणून. नानांनी पंचा परत खिशात कोंबला.

तो पंचा मी अजून विसरलो नाही.

तीन फेऱ्या नाना असे पळाले की लोक उभे राहिले. "म्हतारा भलता पयी ऱ्हायना रे भो!" कोणी तरी ओरडलं, म्हातारा भलताच पळतोय म्हणून. "बठ्ठा मांगे पडनात!" खरंच सगळे मागे होते. जवरीलाल शेठ सगळ्यांत जवळ, तरी चार गाड्यांचं अंतर.

चौथ्या फेरीत कापूस भिजून लोळागोळा झाला. टाके लांब होते, गोळा सरकत मागे गेला आणि मी पुढे कलंडलो, नानांच्या भुवयांवर. नानांनी डाव्या हाताने मला वर ढकललं. मी पुन्हा आलो. त्यांनी पुन्हा ढकललं. मी जीव तोडून मागे राहायचा प्रयत्न करत होतो हो. पण टोपाला पाय नसतात.

पाचव्या फेरीतली शेवटची उडी. नानांनी श्वास धरला. गाडी टेकली, दणका बसला आणि मी सरळ त्यांच्या डोळ्यांवर. त्यांना काही दिसेना. गाडी कडेच्या कडब्याच्या पेंढ्यांत घुसली. लागलं कुठेच नाही. पण मला वर सारून, गाडी ओढून बाहेर काढेपर्यंत चारजण निघून गेले होते. नाना पाचवे आले.

त्या दिवशी ते हसू आलं नाही.

कुंदाबाई दोरीखालून धावत आल्या. "काय झालं हो? काय झालं?"

नानांच्या हातात मी होतो. त्यांचा अंगठा आतल्या ओल्या गोळ्यावर होता. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी कुंदाबाईंच्या बोटांकडे बघितलं. सुई टोचून टोचून ती अजून लाल होती.

"काही नाही," नाना म्हणाले. "दम पुरला नाही. वय झालं आता."

"डोक्याले लागलं का?"

"छे! तुझी गादी व्हती ना."

एवढंच. कुंदाबाईंनी एकदाच विचारलं आणि खरं मानलं.

माणूस स्वतःच्या तोंडाने म्हातारा झालो म्हणाला की सगळं घर ते लगेच मनावर घेतं. विहिरीवर एकटे जाऊ नका. शिडी चढू नका. केळीचे घड उचलायला माणूस लावू. अभिमन बापावर जीव टाकणारा पोरगा. तो म्हणाला, "नाना, दम लागतो तर गाडी तरी कायले ठेवायची? तुम्ही पुन्हा उडवाल आणि माय घाबरी होईल." नानांनी नाही म्हटलं असतं तर खरं कारण सांगावं लागलं असतं. पौषात शिंदखेड्याचा एक दूधवाला येऊन गाडी घेऊन गेला. नानांनी किक मारून दिली आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत फाटकात उभे राहिले.

पुढच्या चैत्रात जवरीलाल शेठ स्वतः घरी आले. चहा झाला. कुंदाबाई दाराशी होत्या.

"जीवरामभाऊ, यंदा येता ना? मागच्या वेळी तर तुम्हीच पुढे होता. मी मागून बघत होतो, तुमचा हात सारखा टोपावर. टोपाला झालं काय होतं?"

"टोपाले काय व्हणार? दम लागला व्हता."

"दम? अहो, दम लागलेला माणूस असा पळतो? आम्हाला धूळ चारली तुम्ही!"

"शेठ, चहा निवतो तुमचा," नाना म्हणाले.

शेठ गेले. नाना वावरात गेले. कुंदाबाईंनी मला खुंटीवरून काढलं. आत हात घातला. पुढच्या बाजूला नुसतं कापड आणि मागे सगळा कापूस दगडासारखा वाळलेला. पुढच्या काठावर मातीचे ठसे होते, डाव्या हाताच्या बोटांचे, एकावर एक. त्यांनी मला स्वतःच्या डोक्यावर ठेवलं. मी त्यांच्याही डोळ्यांवर आलो.

माझ्याखालचा अंधार ओला झाला.

नाना आले तेव्हा त्या कातरीने टाके उसवत होत्या.

"कायले उसवतेस? चांगलं हाय ते."

"मले सांगितलं का नाही?"

"काय सांगू? चार दिवस डोळे फोडून शिवलं तू."

"म्हणून म्हातारं म्हणवून घेतलं? गाडी जाऊ दिली?"

"वय तर होणारच व्हतं," नाना हसले. माझ्या ओळखीचं हसू नव्हतं ते. "आज ना उद्या."

"तुमचा पंचा बरा व्हता," कुंदाबाई म्हणाल्या आणि पदर तोंडात कोंबला.

नानांनी त्यांच्या हातातली कातर काढून घेतली आणि मला खुंटीला लावलं. म्हणून माझी अर्धी गादी उसवलेली आहे आणि अर्धी तशीच.

दुसरी गाडी घ्यायचं कुंदाबाईंनी दोनदा काढलं. नाना म्हणाले, "ऱ्हाऊ दे." एव्हाना ते खरोखरच जिना दोन दमांत चढतात. सवयीने झालं की वयाने, मला सांगता येणार नाही. दर चैत्रात धुळ्याहून शेठचं पत्र येतं. नाना ते उभ्यानेच वाचतात आणि घडी घालून माझ्या आत ठेवतात. आता तीन पत्रं झालीत. कुंदाबाई दिवाळीला मला पुसतात तेव्हा पत्रं बाहेर काढतात आणि पुन्हा होती तशीच ठेवतात.

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातलं कोणी हरून आलं आणि म्हणालं, "काही नाही, वय झालं," तर लगेच मान डोलावू नका. आणखी एकदा विचारा. त्या दिवशी कुंदाबाईंनी मला हातात घेतलं असतं तरी पुरे होतं. मी तेव्हा ओला होतो.